क्लार्क्सडेलचें गाणें आणि त्याची मालकी

महात्मा जोतीराव फुले यांनीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ इ. स. १८७३ मध्यें प्रसिद्ध केला, तेव्हां तो त्यांनीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्ततेसाठीं निःस्वार्थ बुद्धीनें झटलेल्या तेथील सज्जनांस अर्पण केला, ही गोष्ट बहुतेक मराठी वाचकांस ठाऊक आहे. परंतु ज्यांची मुक्तता झाली त्या लोकांचें पुढें काय झालें, ही जिज्ञासा आपल्या वाङ्मयांत फारशी प्रकट झालेली नाहीं. कायद्यानें बेड्या तुटल्या. पण जमीन, घर, औत-काठी यांपैकीं कांहींच त्यांच्या हातीं आलें नाहीं. त्यांचें स्वतःचें म्हणण्यासारखें जें थोडें उरलें, त्यांत त्यांचें गाणें हें मुख्य होतें. ह्या गाण्याची एक शाखा 'ब्लूज' ह्या नांवानें पुढें जगभर पसरली. इंग्रजींत 'ब्लू' म्हणजे निळा आणि 'ब्लूज' म्हणजे मनाची उदासी. हें गाणें जसजसें प्रसिद्ध होत गेलें, तसतसें तें ज्यांनीं निर्माण केलें त्यांच्या मालकींतून निसटत गेलें, असें त्याच्या इतिहासावरून दिसून येतें.

प्रस्तुत लेखाला निमित्त एका तरुण गवयाचें आहे. मिसिसिपी संस्थानांतील क्लार्क्सडेल ह्या लहानशा गांवीं १९९९ मध्यें क्रिस्टोन इंग्रम याचा जन्म झाला. 'किंगफिश' ह्या टोपणनांवानें तो ओळखला जातो. २०१९ ते २०२५ ह्या सहा वर्षांत त्याचे चार अल्बम निघाले, आणि अमेरिकेंतील संगीतक्षेत्रांत मोठें समजलें जाणारें ग्रॅमी पारितोषिकहि त्याला मिळालें. पंचविशींतल्या गवयाच्या कीर्तींत इतिहासाच्या अभ्यासकानें लक्ष घालावें असें काय आहे, असें कोणी विचारील. त्याला उत्तर असें कीं, ब्लूजचा इतिहास हा जितका स्वरांचा आहे तितकाच मालकीचाहि आहे. आणि गाणारा कोण व गाण्याचा धनी कोण, हा शंभर वर्षांचा जुना प्रश्न ह्या चार अल्बमांच्या निमित्तानें एका नव्या टप्प्यावर आलेला आहे.

क्लार्क्सडेल ज्या प्रदेशांत आहे त्यास 'डेल्टा' म्हणतात. तें मिसिसिपी नदीचें मुख नव्हे. मिसिसिपी व याझू ह्या दोन नद्यांच्या मधलें हें पुराच्या गाळाचें सपाट मैदान आहे. माती काळी व सुपीक, आणि पीक कापसाचें. यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली, पण कापूस राहिला, आणि कापूस वेंचणारे हातहि तेच राहिले. मळेवाल्यानें झोंपडी, खेंचर व बियाणें द्यावें, कुळानें राबावें, आणि पिकाचा अर्धा वाटा मळेवाल्यानें घ्यावा, अशी ही पद्धति होती. आपल्याकडे जिला अर्धेली म्हणतात तिच्याशीं ती बरीच जुळते. वर्षभर कुळानें मळेवाल्याच्या दुकानांतून उधारीनें धान्य-कापड उचलावयाचें, आणि हंगामाच्या अखेरीस मळेवाल्यानें हिशेब करावयाचा. वही त्याची, लेखणी त्याची. कुळाला बहुधा अक्षरओळखहि नसे. हिशेबाअंतीं कुळ कर्जांतच निघे. दक्षिणेंतील सावकारी वह्यांचा इतिहास ज्यांनीं वाचला आहे त्यांना याहून अधिक सांगण्याची जरूरी नाहीं.

ह्या मळ्यांवर जें गाणें वाढलें त्याचा बांधा अगदीं साधा आहे. एक ओळ गावयाची, तीच पुन्हां गावयाची, आणि तिसऱ्या ओळींत तिला उत्तर द्यावयाचें. ह्या तीन ओळी चार चार मात्रांच्या बारा विभागांत बसतात. आपल्या संगीताच्या परिभाषेंत सांगावयाचें तर ह्यांतील गांधार कोमलहि नव्हे व शुद्धहि नव्हे. त्या दोहोंच्या मध्यें कोठें तरी तो लागतो, आणि निषादाचीहि तीच गोष्ट. पियानोच्या पट्ट्यांत हा स्वर सांपडत नाहीं. तो गळ्यानें काढावा लागतो, किंवा गिटारच्या तारेवर सुरीचें पातें अथवा बाटलीची मान सरकवून मींडेप्रमाणें काढावा लागतो. ह्यामुळें ब्लूज कागदावर उतरविणें कठीण. आणि त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणें गाण्याचा हक्क नोंदवावयाचा तर तें स्वरलेखन करून सादर करावें लागे. ध्वनिमुद्रणास तेथील मध्यवर्ती कायद्याचें स्वतंत्र संरक्षण मिळावयास १९७२ साल उजाडावें लागलें. म्हणजे ज्याला अक्षर येत नव्हतें व ज्याचा स्वर स्वरलिपींत मावत नव्हता, त्याच्या गाण्यावर दुसऱ्या कोणी तरी आपलें नांव घालावें, ही सोय आरंभापासूनच होती.

हा धडा पहिल्यानें शिकला तो विल्यम ख्रिस्तोफर हँडी. कृष्णवर्णीय वादकांच्या एका बँडचा प्रमुख म्हणून तो १९०३ च्या सुमारास क्लार्क्सडेलला येऊन राहिला. जवळच्याच टटवायलर स्टेशनावर गाडीची वाट पाहात असतां एक फाटक्या कपड्यांचा माणूस तारेवर सुरी दाबून गिटार वाजवीत व गात असलेला त्यानें ऐकला. ही हकीकत त्यानें १९४१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत लिहिली आहे. त्या गाणाऱ्याचें नांव इतिहासास ठाऊक नाहीं. हँडीनें मात्र असल्या गाण्यांचे स्वर लिहून काढले व १९१२ मध्यें 'मेम्फिस ब्लूज' छापला; पण त्याचे हक्क त्यानें अगदीं थोडक्या रकमेला विकून टाकले, आणि नफा दुसऱ्यांच्या पदरांत पडला. ह्या अनुभवानें शहाणा होऊन त्यानें हॅरी पेस ह्या भागीदाराबरोबर स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. १९१४ चा 'सेंट लुइस ब्लूज' त्याच्या मालकीचा राहिला, आणि त्यावर त्याला जन्मभर उत्पन्न मिळालें.

१९२० च्या ऑगस्टांत न्यूयॉर्क येथें ओके कंपनीनें मेमी स्मिथ हिच्या आवाजांत 'क्रेझी ब्लूज' ध्वनिमुद्रित केला, आणि ती तबकडी इतकी खपली कीं व्यापाऱ्यांचे डोळे उघडले. कृष्णवर्णीय लोक गरीब असले तरी तबकडी विकत घेतात, हें त्यांच्या ध्यानांत आलें. मग प्रत्येक कंपनीनें ह्या गिऱ्हाइकांसाठीं वेगळी यादी काढली. तिला 'रेस रेकॉर्ड्स', म्हणजे वंशाच्या तबकड्या, असें नांव पडलें, आणि तें १९४९ पर्यंत व्यापारांत रूढ होतें. हँडीचा पूर्वीचा भागीदार पेस यानें १९२१ मध्यें 'ब्लॅक स्वान' नांवाची कंपनी काढली. मालक, गायक व वादक सर्व कृष्णवर्णीय असावे, अशी त्याची प्रतिज्ञा होती. परंतु भांडवल अपुरें पडलें, मोठ्या कंपन्यांची चढाओढ सोसवली नाहीं, आणि तीन वर्षांच्या आंतच तो संसार आटोपून ती कंपनी पॅरामाउंटच्या घशांत गेली. शिवाय पेसची अभिरुचि जरा सोंवळी होती. बेसी स्मिथ हिचा आवाज फार रांगडा म्हणून ब्लॅक स्वाननें तिला परत पाठविलें होतें. आपल्याच लोकांच्या गाण्याविषयीं सुशिक्षितांस वाटणारा हा संकोच आपल्याकडील लावणीच्या इतिहासांतहि अनोळखी नाहीं.

तीच बेसी स्मिथ १९२३ मध्यें कोलंबिया कंपनीसाठीं गायली व ब्लूजची सम्राज्ञी म्हणून गाजली. दहा वर्षांत तिचीं सुमारें १६० गाणीं निघालीं. दर गाण्यामागें तिला ठराविक रक्कम मिळे. तबकड्यांच्या खपावर रॉयल्टी अशी मिळत नसे. १९३७ च्या सप्टेंबरांत क्लार्क्सडेलजवळच्या हमरस्त्यावर तिच्या मोटारीस अपघात झाला, आणि त्या गांवांतील कृष्णवर्णीयांच्या इस्पितळांत तिचा अंत झाला. गोऱ्यांच्या इस्पितळानें दार लावलें म्हणून ती मेली, अशी आख्यायिका पुढें पसरली. संशोधकांनीं ती निराधार ठरविली आहे. मात्र पुढील गोष्ट खरी आहे, आणि ती आख्यायिकेहून कमी बोलकी नाहीं. जिच्या तबकड्यांनीं कोलंबियाची भरभराट झाली, तिच्या थडग्यावर १९७० पर्यंत नांवाचा दगड नव्हता. तो अखेर जॅनिस जॉप्लिन ह्या गोऱ्या गायिकेनें व लहानपणीं बेसीच्या घरीं काम केलेल्या एका बाईनें मिळून बसविला.

डेल्टांतील पुरुष गवयांची स्थिति याहून वाईट होती. चार्ली पॅटन याचीं गाणीं १९२९ पासून ज्या पॅरामाउंट कंपनीनें काढलीं, ती मूळ विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्यांच्या कारखान्याची शाखा होती. कारखाना फोनोग्राफच्या लांकडी पेट्या करी, आणि पेट्या खपाव्या म्हणून तबकड्या काढी. रॉबर्ट जॉन्सन १९३६ व १९३७ मध्यें टेक्सासांत जाऊन अवघीं २९ गाणीं गायला, आणि १९३८ मध्यें वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं मेला. त्यानें चवाठ्यावर सैतानाला आत्मा विकून गिटारची विद्या मिळविली, अशी कथा सांगतात, आणि क्लार्क्सडेलमध्यें दोन हमरस्त्यांच्या चौकांत प्रवाशांसाठीं तसें स्मारकहि उभारलें आहे. सैतानाशीं झालेला हा काल्पनिक करार सर्वांस पाठ आहे. पण त्याच्यासारख्यांनीं कंपन्यांशीं केलेल्या खऱ्या करारांची चौकशी थोड्यांनींच केली. १९९० मध्यें त्याच्या सर्व गाण्यांचा संच निघून तो अतोनात खपला, तेव्हां वारस कोण हा वाद मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २००० मध्यें त्याचा निकाल लागला. जिवंतपणीं ज्याच्या स्वराची किंमत कोणास कळली नाहीं, त्याच्या मरणानंतर साठ वर्षांनीं त्या स्वरासाठीं वकील उभे राहिले.

१९४१ च्या ऑगस्टांत अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयातर्फे ॲलन लोमॅक्स व फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क हे लोकगीतें गोळा करण्यासाठीं क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर आले. तेथें ट्रॅक्टर चालविणारा मकिन्ली मॉर्गनफील्ड नांवाचा एक तरुण त्यांना गाऊन दाखवावयास पुढें आला. त्याचें टोपणनांव मडी वॉटर्स. आपलाच आवाज यंत्रांतून उलटून आलेला ऐकून त्याला प्रथमच आपल्या गुणाची खात्री पटली, असें तो पुढें सांगत असे. दोन वर्षांनीं त्यानें मळा सोडला व शिकागोची वाट धरली. १९४४ मध्यें क्लार्क्सडेलजवळच्याच हॉप्सन मळ्यावर पेरणीपासून वेंचणीपर्यंत सर्व काम यंत्रानें होऊन कापसाचें पीक निघालें. यंत्र आल्यावर मजुरांची गरज उरली नाहीं. १९१० ते १९७० ह्या साठ वर्षांत दक्षिणेंतून सुमारें साठ लक्ष कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडे व पश्चिमेकडे गेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचें गाणेंहि गेलें.

शिकागोच्या गोंगाटांत साधी गिटार ऐकूं येईना, म्हणून मडी वॉटर्सनें विजेची गिटार हातांत घेतली, आणि डेल्टाच्या गाण्याला नवें शरीर मिळालें. पोलंडांतून आलेल्या चेस बंधूंनीं त्याच्या तबकड्या काढल्या; त्या समुद्रापलीकडे इंग्लंडांत पोंचल्या; आणि तेथील एका तरुण मंडळीनें त्याच्याच गाण्यावरून आपल्या संघाचें नांव 'रोलिंग स्टोन्स' ठेवलें. ह्या इंग्रज मुलांनीं मूळ गुरूंचा उल्लेख बहुधा कृतज्ञतेनें केला, हें नमूद केलें पाहिजे. परंतु कृतज्ञता निराळी व हिशेब निराळा. १९७० नंतरच्या दशकांत मडी वॉटर्स व गीतकार विली डिक्सन यांना आपल्या गाण्यांचे हक्क व थकलेली रॉयल्टी मिळविण्यासाठीं चेसशीं संलग्न असलेल्या प्रकाशनसंस्थेविरुद्ध न्यायालयांत जावें लागलें, आणि तो वाद तडजोडीनें मिटला. मळ्यावरील वही आणि शहरांतील करारपत्र यांत कागद तेवढा बदलला होता.

इकडे क्लार्क्सडेल ओस पडत चाललें होतें. ज्या गांवानें जगाला हें गाणें दिलें, त्या गांवांतील मुलांस तें म्हाताऱ्यांचें व गरिबीची आठवण देणारें वाटूं लागलें. अशा वेळीं तेथील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख सिड ग्रेव्ह्ज यांनीं १९७९ मध्यें एका प्राथमिक शाळेच्या खोलींत 'डेल्टा ब्लूज म्यूझियम' सुरू केलें. पुढें तें ग्रंथालयांत व १९९९ मध्यें जुन्या रेल्वे मालधक्क्याच्या इमारतींत गेलें. मडी वॉटर्स ज्या झोंपडींत वाढला तिचे लांकडी अवशेषहि आतां तेथेंच आहेत. पण त्या म्यूझियमचें खरें महत्त्वाचें काम निराळेंच आहे. गांवांतील मुलांना जुन्या वादकांकडून गाणें-वाजविणें शिकविण्याचा वर्ग त्यांनीं चालविला. पूर्वी बापाकडून मुलाकडे किंवा मळ्यावरच्या शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जी विद्या जाई, ती परंपरा तुटल्यावर तिचा धागा असा शाळेच्या पद्धतीनें पुन्हां जोडावा लागला.

क्रिस्टोन इंग्रम हा ह्या वर्गाचा विद्यार्थी. चर्चमध्यें गाणाऱ्या घराण्यांत तो जन्मला. आठव्या वर्षाच्या सुमारास म्यूझियमच्या वर्गांत गेला. आधीं ड्रम, मग बास व त्यानंतर गिटार अशा क्रमानें शिकला. बिल पेरी व रिचर्ड क्रिसमन हे त्याचे शिक्षक. पेरीनें त्याला 'किंगफिश' हें नांव दिलें. 'एमॉस अँड अँडी' ह्या जुन्या मालिकेंतील एका पात्राचें हें नांव, आणि ती मालिका नभोवाणीवर असतांना त्यांतील कृष्णवर्णीय पात्रांचे आवाज गोरे नट काढीत असत. ज्या नांवांत एके काळीं गोऱ्यांनीं काळ्याची नक्कल केली, तेंच नांव आतां एका कृष्णवर्णीय मुलानें स्वतःच्या आवाजानें मिरवावें, हा इतिहासानें केलेला एक लहानसा न्यायच म्हणावयाचा. २०१४ मध्यें म्यूझियमच्या विद्यार्थ्यांबरोबर तो व्हाइट हाउसमध्यें वाजवून आला, तेव्हां तो पंधरा वर्षांचा होता.

२०१९ मध्यें शिकागोच्या ॲलिगेटर कंपनीनें त्याचा 'किंगफिश' हा पहिला अल्बम काढला. ब्रूस इग्लाउअर ह्या ब्लूजच्या गोऱ्या भक्तानें १९७१ मध्यें स्थापन केलेली ही कंपनी. ह्या अल्बमांत वृद्ध बडी गाय यांनीं एका गाण्यास साथ दिली आहे. लुइझियानांत कापूस वेंचून शिकागोस गेलेल्या पिढीचे हे प्रतिनिधि; मुंबईच्या रसिकांनींहि त्यांना २०११ मध्यें वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओंत ब्लूज महोत्सवांत ऐकलें आहे. २०२१ मध्यें '६६२' हा दुसरा अल्बम निघाला. हा आंकडा म्हणजे उत्तर मिसिसिपीचा टेलिफोनचा क्रमांक. तो इंग्रमच्या जन्मवर्षींच त्या प्रदेशास मिळाला. गांव सोडून गेल्यावर ज्या गाण्याला कीर्ति मिळत आली, तें गाणें येथें गांवाचा क्रमांकच कपाळीं लावून बाहेर पडलें. ह्याच अल्बमाला २०२२ मध्यें समकालीन ब्लूजचें ग्रॅमी मिळालें. २०२३ मध्यें लंडनच्या मैफलीचा 'लाइव्ह इन लंडन' हा अल्बम निघाला.

त्याच्या कलेविषयीं थोडें लिहिणें अवश्य आहे. त्याचा आवाज गोड, दबता व किंचित् सावध आहे. त्यांत चर्चचें वळण स्पष्ट ऐकूं येतें. गिटार मात्र गर्जना करते. पॅटन किंवा जॉन्सन यांची तारेवरची किफायतशीर कारागिरी तिच्यांत नाहीं. तींत शिकागो आहे, जिमी हेंड्रिक्स आहे, प्रिन्सहि आहे. कित्येकदां तिचा विस्तार गाण्याच्या अर्थाला झांकून टाकतो, आणि तानबाजीनें चीज हरवावी तसें होतें. विशेषतः लंडनच्या मैफलींत हा दोष जाणवतो. परंतु '६६२' मधील 'अनदर लाइफ गोज बाय' ह्या वर्णद्वेषाविषयींच्या गाण्यांत तो हात आंवरतो, आवाजाला वाट देतो, आणि तेथें शंभर वर्षांचें जुनें दुःख आजच्या शब्दांत प्रकट होतें. जुन्या गाण्यांची नुसती नक्कल करणें हें त्याला सहज साध्य होतें, आणि म्यूझियममध्यें शिकलेल्या मुलाला तो मोह पडणें स्वाभाविक होतें. तो त्यानें टाळला, हें त्याचें मोठें श्रेय.

चौथा अल्बम 'हार्ड रोड' २०२५ मध्यें निघाला, आणि तो त्याच्या स्वतःच्या 'रेड झीरो' ह्या कंपनीनें काढला. दुसऱ्या तरुण गवयांनाहि ह्या कंपनीनें आश्रय दिला आहे. ब्लॅक स्वान बुडाल्यानंतर शंभर वर्षांनीं डेल्टाचा एक मुलगा आपल्या आवाजाचा आपणच धनी झाला, ही गोष्ट वर्तमानपत्रांत दोन ओळींत संपली. इतिहासांत तिला अधिक जागा दिली पाहिजे. मधल्या काळांत कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या कंपन्या झाल्याच नाहींत असें नाहीं. डेट्रॉइटची मोटाउन तर जगप्रसिद्ध आहे. पण ब्लूजच्या गवयाला, आणि तोहि क्लार्क्सडेलचा, हें क्वचितच साधलें.

तथापि येथें जयघोष करून थांबणें इतिहासाला शोभणार नाहीं. आज संगीत तबकडीवरून न ऐकतां इंटरनेटवरून ऐकलें जातें, आणि तेथील हिशेबाची वही पुन्हां दुसऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या हातीं आहे. अल्बमाची मालकी मिळाली म्हणून त्याच्या विक्रीच्या वाटेची मालकी मिळाली असें होत नाहीं. दुसरें असें कीं, ब्लूजच्या मैफलींना येणारा श्रोता आज बहुतांशीं गोरा व प्रौढ आहे. कृष्णवर्णीय तरुणांचें कान निराळ्या संगीताकडे वळून कित्येक वर्षें झालीं. आणि तिसरी गोष्ट स्वतः क्लार्क्सडेलची. २०२० च्या खानेसुमारींत तेथें सुमारें पंधरा हजार लोक उरले होते. २०२५ मध्यें रायन कूगलर याचा 'सिनर्स' हा १९३२ सालच्या क्लार्क्सडेलवरील चित्रपट जगभर गाजला. त्या चित्रपटाची मालकी पंचवीस वर्षांनीं आपणाकडे परत यावी, असा करार त्या कृष्णवर्णीय दिग्दर्शकानें आग्रहानें करून घेतला होता. परंतु ज्या गांवाची ही कथा, त्या गांवांत एकहि चालू सिनेमागृह नव्हतें. तेथील लोकांसाठीं खेळाची निराळी व्यवस्था करावी लागली. गांवाचें नांव जगांत गेलें, पण गांवाचें दैन्य हटलें नाहीं.

म्हणून ह्या तरुणाच्या उत्कर्षाचें माप त्याच्या पारितोषिकांनीं घेऊं नये. टटवायलर स्टेशनावरच्या त्या गाणाऱ्याचें नांवहि उरलें नाहीं. बेसी स्मिथचें नांव उरलें, पण मोबदला गेला. मडी वॉटर्सला मोबदल्यासाठीं न्यायालय गांठावें लागलें. आणि किंगफिशच्या हातीं अखेर वही-लेखणी आली. ही वाटचाल लहान नव्हे. पण म्यूझियमच्या त्या वर्गांत आज जीं मुलें पहिल्यानें तार छेडीत असतील, त्यांना गाण्यासाठीं गांव सोडावें न लागतां, आपल्या लोकांना ऐकवून, पोट भरतां येईल काय, ह्या प्रश्नाचें उत्तर मिळेल तेव्हांच हें गाणें खऱ्या अर्थानें क्लार्क्सडेलचें झालें असें म्हणतां येईल. फुले यांनीं ज्या मुक्ततेचा गौरव केला, तिचा हिशेब अद्याप पुरा व्हावयाचा आहे.